मोहाखालची आग

आमच्या गावामागची टेकडी मी लहानपणी बोडकीच पाहिली. सागाचे, धावड्याचे, तेंदूचे खुंट तेवढे जमिनीला चिकटून होते. पालवी फुटली की शेळ्यांनी खुडलीच म्हणून समजा. आणीबाणी उठल्यावर माझ्या वडिलांनी गाव पारावर जमवलं आणि टेकडी बंद करायचं ठरलं. कुऱ्हाड नाही, चराई नाही, राखण घरटी पाळीनं. रोपं लावायची गरजच नव्हती. मुळं जिवंत होती, त्यांना फक्त सुखानं वाढू द्यायचं होतं.

अडलं ते शेजारच्या काकूपाशी. काकू विधवा, घर शेळ्यांवर चालायचं. तिचा नवरा आणि माझे वडील भावासारखे वाढलेले, म्हणून ती वडिलांचा शब्द मोडत नसे. वडील तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पुढच्याच बाजारात काकूनं शेळ्या विकल्या. मग काय! सभेत कुणी कुरकुरलं की वडील तिचं नाव घेऊन त्याला गप्प करत. काकूच्या हाती उरली मजुरी आणि टेकडीवरचं सासऱ्याच्या वेळचं मोहाचं झाड.

टेकडीनं मात्र कमाल केली. चार-पाच वर्षांत खुंटांचे फोक माणसाच्या डोक्यावर गेले. गवत कंबरभर वाढलं.

आणि इथंच आम्ही सारे शहाणे चुकलो. मोह टपकायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे फुलं वेचायला सोपी, ही आमच्याकडची रीतच. पूर्वी भोवताली सगळं चरलेलं असे, आग चार हातांवर जाऊन आपोआप विझे. बंदी घालताना कुऱ्हाड आठवली, शेळी आठवली. ही आग कुणाच्या ध्यानातसुद्धा आली नाही. पहिली काही वर्षं निभावलं. मग एका फाल्गुनात काकूनं नेहमीसारखा पाला पेटवला, वारा फिरला आणि गवतानं पेट घेतला. माणसं पळसाच्या डहाळ्यांनी झोडपत होती, पण संध्याकाळपर्यंत टेकडी काळी झाली.

पारावर सगळं खापर काकूवर फुटलं. शेळ्या गेल्याचा सूड उगवला म्हणे! अरे, आदल्याच दिवशी यांच्या घरच्या बायकांनीही आपापल्या मोहाखाली जाळ केला होता. वडिलांना ते ठाऊक होतं. पण गाव बिथरलं तर बंदी मोडेल, या धास्तीनं ते मूग गिळून बसले. काकू पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडंच बघत होती. मला त्या बसण्याचा अजून राग येतो. हप्ताभरात काकू समुद्रपूरला लेकीकडं निघून गेली.

पावसाळ्यात जळक्या खुंटांना पुन्हा फुटवे आले. वडील हरखून गेले, मला घेऊन एसटीनं समुद्रपूरला पोचले. काकूनं चहा ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वहिनी, सारं फुटून राह्यलं. कायी मेलं नाई. चाला आता घरी," वडील म्हणाले.

काकू शांतपणे म्हणाली, "टेकडी फुटनारच होती, भाऊजी. शेळ्या इकल्या तवा चार लोकाइत माह्यं नाव घेत होते तुमी. आग लागली तवा काऊन नाई घेतलं?"

वडिलांनी कप खाली ठेवला. आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "चुकलंच माह्यं."

मी तडकले. "मले काय सांगता, बाबा? तिले सांगाचं होतं."

पुढच्या हप्त्यात जातो म्हणाले. मग टेकडीचीच कामं निघत गेली. कधी राखणदार कमी पडले, कधी वर्ध्याहून कुणी साहेब जंगल बघायला आले. वडिलांचं जाणं राहूनच गेलं. काकू त्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि समुद्रपूर आमच्या गावापासून काही फार लांब नाही.