सणाचं दूध

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मोहोळला माहेरी आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय—माझं मलाच कळत नाही.

सोलापूरच्या आमच्या घरात थंडी पडली की चहा मागे पडतो आणि कशाय सुरू होतो. धने, जिरे, मिरी, सुंठ भाजून कुटायची, ती पूड दुधात उकळायची, शेवटी गूळ घालायचा. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांच्यामुळे तो या घरात आला. पण हात बसला होता माझ्या थोरल्या जावेचा. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. संक्रांतीत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला आलेले पाहुणे चपला काढता काढताच विचारायचे, कशाय अक्कांनीच केलाय ना? मीही त्याच गॅसपुढं राबत होते—माझं नाव कोण घेणार? खुपायचं मला. फार खुपायचं.

थोरल्या दिरांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरची पहिली संक्रांत. अक्कानं पूड घालून दूध गॅसवर ठेवलं आणि पाहुण्यांसाठी सतरंज्या आणायला ती गच्चीवर गेली. मला वाटलं, आज पेले आपणच बाहेर न्यावेत. ती यायच्या आत उरकायचं म्हणून मी उकळत्या दुधातच गूळ टाकला. बघता बघता दूध फाटलं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. दूध कुणी ठेवलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अक्कांनी.

खोटं होतं का ते? नव्हतं—आणि म्हणूनच ते मला इतकी वर्षं पुरलं.

सासूबाई पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या, "सणाचं दूध हाय. हिला कुनी हात लावाय सांगितलं?"

नवरा गेलेल्या बाईचा हात लागला म्हणून दूध नासलं, असं सगळेच धरून चालले. अक्का सतरंज्या घेऊन दारात उभी होती. तिनं पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या बोटांना गूळ चिकटलेला होता. मी हात पदराखाली घेतला.

त्यानंतर सणावाराला अक्का स्वयंपाकघरात आली नाही. सासूबाई गेल्या, तरीही नाही. कशाय मी करू लागले, पाहुणे माझं नाव घेऊ लागले. बरं वाटलं का? वाटलं, सुरुवातीची काही वर्षं. अक्काच्या हातात पेला देताना मी स्वतःला बजावायची—तिनं बोटं पाहिली नसतील.

यंदा संक्रांतीला माझ्या नव्या सुनेनं हौसेनं दूध ठेवलं. उकळी आली, तिनं गुळाचा खडा उचलला. अक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आदी खाली उतरीव, मग गूळ घाल. उकळीत घातला की फाटतंय बग."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

सून तिला म्हणाली, मग तुम्हीच या की आत, तुम्हीच करा. अक्कानं मान हलवली.

"नको. सणाचं दूध हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. सून गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. मी तिथंच ओट्यापाशी उभी होते, दोघींच्या मधे, आणि पेले पुसत होते. तेव्हाही बोलले नाही.

गूळ मी टाकला होता.