नकाब निघायच्या आधी लागलेला बल्ब

सिंदेवाहीकडच्या गावांत पडदा बांधून सिनेमे दाखवणाऱ्या गुलाबभाऊमुळे माझं लग्न जमलं.

त्याच्या गावची रुखमा मी पाहून आलो होतो. तिनं मात्र खालमानेनं माझे पायच पाहिले. तेव्हा पोरीला कोण विचारायचं? तिनं गुलाबभाऊला गाठलं. ‘भाऊ, तोंड पाह्यल्याशिवाय मी हो म्हणत नाई.’

त्यानं मला सिनेमाला बोलावलं. तलवारी, कपटी काका, गादीचा खरा वारस नकाबात! भर दरबारात तो नकाब काढणार, तेवढ्यात गुलाबभाऊनं मशीन थांबवून बल्ब लावला. लोक शिव्या द्यायला लागले.

‘रीळ अडकलं, दम धरा,’ तो म्हणाला.

मी राजपुत्राच्या काळजीनं डोळे पुसत बसलो होतो. बायकांच्या बाजूनं रुखमानं नेमकं तेच पाहिलं.

‘पडद्यावरच्या माणसासाठी रडून राह्यला,’ ती घरी म्हणाली. ‘हा बायकोवर हात नाई उचलणार. हो म्हणा.’

हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून नवा तांदूळ निघाला की पायलीभर गुलाबभाऊकडे आम्ही दोघं पोचवतो.

‘काऊन आणता रे दरसाली?’ तो विचारतो.

रुखमा म्हणते, ‘घ्या भाऊ. माणूस चांगला निघाला.’