पाठीला बाहुली

मी इथे आखातात जिथे स्वयंपाक करते, त्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी मुलीला शिकवायला एक बाई यायच्या. खुर्चीच्या काठावर बसायच्या, आता कोणी उठवेल की काय अशा. मुलगी चुकली तरी आवाज चढत नसे. ताईंशी, म्हणजे मुलीच्या आईशी, बोलताना मात्र नजर फरशीवर असायची.

काल शाळेच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. अमेरिकेने पश्चिमेकडे सरकत मुलूख घेतला, त्या काळातल्या एकाचं सोंग घेऊन वर्गात बोलायचं होतं. ताईंनी मुलखाचा सौदा करणाऱ्या अध्यक्षाचा कोट शिवून आणला होता. मुलीला मात्र तान्हं पाठीवर घेऊन गोऱ्या साहेबांच्या तुकडीबरोबर वाट दाखवत चाललेली आदिवासी बाई व्हायचं होतं.

"ती तर नोकरच. कोट घाल, यल्ला, चल लवकर," ताई म्हणाल्या.

"बट ममा, शी न्यू द वे." मुलगी रडवेली झाली.

शिकवणाऱ्या बाई उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मावशी, पाठीला मूल बांधता येतं तुम्हाला?"

ताई बघत होत्या. माझा व्हिसा त्यांच्याच हातात.

"येतं," मी म्हणाले. ओढणी काढून मुलीच्या पाठीला तिची बाहुली बांधली. गाठ घट्ट मारली.

"उद्यापासून येऊ नका," ताई बाईंना म्हणाल्या.

"बरं. आजचा तास अजून संपला नाही, मॅडम."

आणि बाईंनी मुलीला खोलीच्या मधोमध उभं करून त्या आदिवासी बाईचं बोलणं पहिल्या वाक्यापासून सगळं म्हणवून घेतलं. ताई दारातच उभ्या होत्या.