पूर्ण भार, मग शून्य

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार काटेवाला म्हणूनच ओळखायचा. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या दुकानदारांनी डोकं खाजवलं असतं. सोनाराच्या काचेतल्या चिमुकल्या काट्यापासून भंगारवाल्याच्या लोखंडी पाटापर्यंत सगळ्यांची दुखणी त्याच्याकडे यायची. माणूस नाकासमोर चालणारा. त्या चालण्याचा त्याला जरा ताठाही होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम तो वडिलांकडून शिकला. बाबांनी एक गोष्ट त्याच्या डोक्यात ठोकून बसवली होती. काटा तीस किलोचा असेल तर त्यावर तीसच्या तीस किलो ठेवायचे, मग एकेक वजन उतरवायचं. "भरलेला असताना काय दाखवतो ते कुणीही बघेल," बाबा म्हणायचे. "रिकामा केल्यावर शून्यावर येतो का, ते तू बघ. आला तर तो काटा इमानदार." काटेवाल्याने आयुष्यात एकही काटा अर्ध्या भारावर तपासून दिला नाही.

बाबांची दृष्टी जाऊन नऊ वर्षं झाली होती. घर भाड्याचं, ओळीने तीन खोल्या, पण बाबांनी ते पायांनी पाठ केलं होतं. पलंगापासून बाथरूम चौदा पावलं, खिडकी सहा, बाहेरचं दार अकरा. सून मदतीला धावली की म्हातारा फिस्कारायचा. "मी काय पार्सल आहे का, इकडून तिकडे पोचवायला?" दाढी स्वतः करायचे, चहाचा कप स्वतः विसळायचे, सकाळी दार उघडून पेपरवाल्याशी भांडायचेसुद्धा स्वतःच, पेपर वाचता येत नसताना.

अशात काटेवाल्याला क्रेडिट कार्ड मिळालं. मर्यादा एक लाख. आता या भल्या माणसाने काय करावं? त्याने कार्डालाही काटा समजून टाकलं. दर महिन्याला लाखापर्यंत भरायचं आणि मुदतीच्या आदल्या दिवशी पै न पै चुकती करून शून्यावर आणायचं. सुटे भाग, भाडं, किराणा, सगळं कार्डावर. तरी बिल निघायच्या आधी थोडी जागा उरली, तर हा जाऊन पुढच्या महिन्याचा साबण उचलून आणायचा. बायकोने एकदा कपाट उघडलं तर भांड्यांच्या साबणाच्या तेवीस वड्या.

"अहो, आपण हॉटेल काढतोय का?"

"बँकेला कळू दे, आपण किती भार पेलतो ते."

सहा वर्षं त्याने हे इमानाने केलं. एक दिवस उशीर नाही, एक पैसा व्याज नाही. कोणी उधारीचं रडगाणं लावलं की तो खिशातलं कार्ड काढून दाखवायचा.

मग घरमालक आले. भला गृहस्थ, पण मुलीकडे दूरदेशी राहायला निघालेला. "घर विकतोय. तुम्ही घ्या, भाव तुम्हाला परवडेल तोच लावतो. पण चाळीस दिवस. त्यापुढे मला थांबता येणार नाही." काटेवाल्याकडे सुरुवातीला भरायची रक्कम तयार होती. उरलेल्याला कर्ज काढायचं. बाबांची पावलं वाचणार, एवढंच त्याच्या मनात आलं आणि तो त्या दिवशी शीळ घालत कामाला गेला.

पहिल्या बँकेने नकार दिला. कारण, क्रेडिट स्कोअर कमी, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीला मिळणारे गुण. सातशे पन्नास हवा, याचा सातशे दहा.

त्याचा विश्वासच बसेना. कधी उधार बुडवलं नाही अशा माणसाचा स्कोअर कमी? म्हणजे काटाच बिघडलेला! आणि एका काट्याची शंका आली की काय करायचं, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. तेच वजन दुसऱ्या काट्यावर ठेवायचं, मग तिसऱ्यावर. आठवड्याभरात त्याने आणखी तीन बँकांत अर्ज टाकले. दोन बँकांनी फोनवरच नाही म्हटलं. चौथ्या बँकेतल्या मॅडमनी निदान खुर्ची दिली.

"सहाशे पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या.

"गेल्या आठवड्यात सातशे दहा होता!"

"चार ठिकाणी अर्ज केलेत ना? दर अर्जाची नोंद होते. घाईने दारोदार कर्ज मागतोय, असं दिसतं ते." मग त्यांनी त्याचा अहवाल वर-खाली करून पाहिला आणि चष्मा काढला. "कार्ड दर महिन्याला गळ्यापर्यंत का भरता हो?"

"पण मी सगळं फेडतो. दर महिन्याला शून्य!"

"ते शून्य दिसतच नाही. नोंद जाते ती बिल निघतं तेव्हाची, आणि तेव्हा तुमचं कार्ड ओसंडत असतं. वेळेवर भरता म्हणून तर एवढे तरी गुण आहेत. पण सगळी मर्यादा वापरणारा माणूस अडचणीत आहे, असाच अर्थ निघतो. तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहायचं असतं."

 काटेवाल्याने कार्ड टेबलावर आपटलं. "बंद करून टाका हे."

"अजिबात नको. ते जुनं आहे, तेच तुमच्या बाजूने बोलतंय. थोडं थोडं वापरा, कुठेही नवा अर्ज करू नका. चार-पाच महिन्यांत गाडी रुळावर येईल."

"माझ्याकडे सव्वीस दिवस आहेत."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण वाईट वाटून स्कोअर वाढत नाही.

ते सव्वीस दिवस त्याने कसे काढले, त्याचं त्याला माहीत. पुरता कात्रीत सापडला होता. दुसरीकडे अर्ज करावा तर स्कोअर आणखी खाली, थांबावं तर घर जातं. कार्ड फेकून द्यायचीही सोय नाही. मालकांकडे मुदत मागितली. त्यांनी हात जोडले, तिकीट काढून झालं होतं. मेव्हण्याकडे शब्द टाकला, तर मेव्हणाच उलट विचारायला लागला, "तुमच्याकडे काही जमेल का?" दुकानात काट्यावर वजनं चढवताना त्याचा हात अर्ध्यावर थबकायला लागला होता.

शेवटी एका सकाळी बाबांना सांगावंच लागलं. बाबा दाढी करत होते. वस्तरा थांबला.

"कुठे चुकलं रे?"

"बँकेचा काटा वेगळा आहे, बाबा."

"पूर्ण भार घालून बघितलं होतंस ना?"

"हो."

"आणि शून्यावर आणलंस?"

"दर वेळी."

"मग तुझी काही चूक नाही," बाबा म्हणाले आणि हनुवटीखालची दाढी करू लागले. काटेवाला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला.

मुदत संपली, घर दुसऱ्याने घेतलं. नवं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पहिल्या सकाळी बाबा कुणाला हाक न मारता उठले आणि सवयीने चौदा पावलं निघाले. इथे बाथरूम नऊ पावलांवर, तेही डावीकडे. दहाव्या पावलाला त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. तीन टाके पडले. "नऊच आहेत बाबा, पाठ व्हायला सोपं," काटेवाला समजावत राहिला. बाबा नुसते हं म्हणाले. त्या दिवसापासून ते पलंगावर बसून हाक मारायला लागले.

पाचव्या महिन्यात, एका सकाळी त्या मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सातशे बासष्ट! आता बिनधास्त अर्ज करा. कर्ज नक्की होईल."

"त्या घरात आता दुसरे लोक राहतात, मॅडम," तो म्हणाला. त्याने त्यांचे आभार मानले, मनापासून मानले, आणि फोन खिशात टाकला.

आतून हाक आली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, हात आधीच पुढे करून. त्याने तो धरला. हात कसलीही कुरकुर न करता त्याच्या हातात आला, आणि तेच त्याला सहन झालं नाही.