भिंतीवरचे दोन पट्टे

रंगारीकाकांनी चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, पण रंग कधी निवडला नाही. ते काम गिऱ्हाइकाचं. काका भिंतीवर हातभर पट्टे ओढून द्यायचे आणि बजावायचे, "ओल्या रंगावर भुलू नका. दोन दिवस वाळू द्या. सकाळी बघा, दिवा लावून बघा, मग बोला."

बायको जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्यांनी स्वतःची आतली खोली रंगवायला काढली. भिंती घासल्या, भेगांत लांबी भरली, अस्तर मारलं आणि दोन पट्टे ओढले. एक गडद राखाडी, एक निळा. मग समोर बसून राहिले. गिऱ्हाईकच नव्हतं.

लेक लांबच्या शहरात. तिचा फोन पंधरा दिवसांनी एकदा. काकांनी रंगाचा विषय काढला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"ठरलं का, बाबा?"

"राखाडी मळत नाही गं. पण भरदुपारी विहिरीत बसल्यासारखं वाटतं."

"मग निळा द्या."

"निळा सकाळी बरा. दिव्याखाली अगदी दवाखाना."

तिनं फोटो मागवला. फोटोत दोन्ही सारखेच काळपट.

"येऊन बघ की एकदा."

"सुट्टी कुठंय, बाबा?"

पण फोन आता रोज यायचा. शेजारची शिवणवाली म्हणाली, "काका, महिना झाला. भिंतीचं लग्न जमवताय का?"

"स्थळं दोन्ही चांगली आहेत," काका म्हणाले.

खरं तर निळा त्यांनी तिसऱ्याच दिवशी मनात पक्का केला होता. बोलून दाखवला असता तर विषय मिटला असता.

शेवटी लेकच वैतागली. "निळा लावून टाका, बाबा, आणि मोकळे व्हा."

"बरं."

काकांनी रंगाचे दोन हात दिले. कडा अशा धरल्या, की छताला ठिपकासुद्धा लागला नाही. फोटो पाठवला. लेकीनं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यावर आठवडा गेला, दुसरा लागला. फोन नाही.

बाराव्या दिवशी काकांनीच लावला. "दाराला कुठला रंग द्यावा म्हणतेस?"

"दाराला काय झालं?"

"झालं काही नाही. नव्या भिंतीपुढं जुनाट दिसतंय."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग ती म्हणाली, "दार राहू द्या, बाबा. आज जेवलात काय, ते सांगा."

काकांनी खुर्ची ओढली. "सकाळचंच होतं थोडं," ते म्हणाले.