म्हैस मागं का फिरली

आमचं ह्ये, म्हंजे आकाराम, माझं मालक, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. उचगावच्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासत्यात. लग्नपत्रिका, दूध संस्थेचे अहवाल, उखाण्यांची पुस्तकं, जे येईल ते वाचायचं आणि लाल पेनानं खुणा करायच्या. आता ही खोड घरी ठेवून बाहेर पडावं की न्हाय? खानावळीत गेलं की मटणाच्या ताटाआधी भिंतीवरची पाटी तपासणार. लग्नात अक्षता हातात धरून, भटजींनी मंगलाष्टकात एक शब्द गाळला, म्हणणार. आमच्याच लग्नात म्हणालेते. मी अंतरपाटाच्या अलीकडं उभी होते, तवाच ओळखलं, शालू, तुझं काय खरं न्हाय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखानं नांदले असते. पण तीन वर्षांमागं छापखान्यात एक जाडजूड पुस्तक आलं. एक रिटायर प्राध्यापक, साधा, सुती झब्ब्यातला माणूस. त्यांनी ज्यू लोकांच्या प्राचीन हिब्रू धर्मग्रंथावर लिहिलंतं. त्या ग्रंथात इतिहास किती, आठवण किती, आणि विद्वान लोक ते कसं ओळखत्यात, असा विषय. सरांची खोड अशी की दर प्रुफाला पुस्तक नव्यानं लिहायचे. त्यामुळं आमच्या ह्यांनी साडेचारशे पानं अकरा वेळा वाचली. अकरा वेळा वाचल्यावर छापखान्यातल्या मांजराला बी पाठ झालं असतं, आमचं ह्ये तर माणूस हाईत.

मग काय, घरात रोज प्रवचन. भाकरी थापता थापता मला कळलं की त्या ग्रंथात एकच गोष्ट दोन-दोनदा येती आणि दोन्हींचं जमत न्हाय. लोक समुद्र ओलांडून पळून जात्यात, तिथं एका सांगण्यात रातभर वारा सुटला आणि पाणी आटलं, दुसऱ्या सांगण्यात पाण्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. पुढं कुणीतरी दोन्ही पेड घेऊन एकच वेणी घातली, आणि आता विद्वान ती वेणी सोडत बसल्यात. दुसरीकडं एक पोरगं गोफणीनं एका धिप्पाड गड्याला लोळवतं आणि पुढं राजा होतं. त्याच ग्रंथात लांब पुढं तोच धिप्पाड गडी कुण्या भलत्याच, नाव बी कुणाला ठाऊक नसलेल्या माणसानं मारलाय. मग लई वर्षांनी तिसरा लिहिणारा येतो आणि म्हणतो, भांडू नका, त्या दुसऱ्यानं मारला तो धिप्पाड गड्याचा भाऊ होता. हे सांगताना ह्यांना हसून हसून ठसका लागायचा. मला काय हसू येत न्हवतं, माझी भाकरी करपत होती.

सरांचं म्हणणं असं की ह्यात कोण लबाड नसतंय. घडल्यावर लई वर्षांनी माणसं लिहायला बसत्यात, आणि तवा ज्याची गरज असती तेच त्यांना आठवतंय. काही विद्वान म्हणत्यात सगळं तसंच घडलं, काही म्हणत्यात काहीच घडलं न्हाय, आणि मधले म्हणत्यात, थांबा, गोष्ट कुठं लंगडती ते बघा. जो बारकावा कुणाच्याच कामाचा न्हाय, तरी सगळ्यांच्या तोंडात टिकलाय, त्याच्या बुडाशी काहीतरी खरं असायची शक्यता असती.

हा उद्योग ह्यांनी पहिल्यांदा माझ्यावर केला. माझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासूनं माझा कसा पाणउतारा केला ते मी सांगत होते, तर म्हणाले, शालू, ह्यात दोन पेड दिसत्यात, आणि दुसरा तू नंतर घातलाईस. मी उलथनं फेकून मारलं. तवापासनं माझ्या गोष्टी तपासायचं त्यांनी बंद केलं.

आता म्हशीचं सांगते. आमची गल्ली पंचगंगेच्या काठाला, म्हशीवाल्यांची. दोन हजार पाच सालच्या पुरात सगळी गल्ली बुडाली तवा एका म्हशीनं माणसं वाचवली. माझा स्वतःचा अनुभव हाय. गळ्याइतकं पाणी, एका हातात म्हशीची शेपटी, दुसऱ्या हातात ह्यांची कॉलर, कारण ह्यांना पोहता येत न्हाय, आणि कडेवर आठ महिन्यांची आमची संयोगिता. विजेच्या खांबापाशी रस्ता उंच होता, तिथं आमचे पाय टेकले. ही गोष्ट संयोगितानं शंभर वेळा ऐकलीया. आता ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला हाय, पण पोरगी जरा उलटून बोलली की मी अजून ते कडेवरचं पोर काढते.

ती म्हैस म्हंजे सयाजीरावांची सुंदरी, असं सगळी गल्ली सांगती. सयाजीराव आमच्या तालमीचे अध्यक्ष, मिशा बी मोठ्या आणि आवाज बी मोठा. सुंदरी मेली तवा त्यांनी तिचं तेरावं घातलंतं. दूध कट्ट्यावर कोण पावणं आलं की धारोष्ण दुधाचा पेला हातात द्यायचा आणि गोष्ट चालू. पहिल्या वर्षी सुंदरीनं चार माणसं वाचवली. मग अकरा झाली, मग एकवीस. यंदा दिवाळीच्या पाडव्याला तिचा सिमेंटचा पुतळा बसवायचं ठरलं आणि पाटीचा मजकूर तपासायला आमच्याकडं आला, तर त्यात एक्कावन्न. ह्ये म्हणाले, ग्रंथात पण असंच हाय, आकडा कधी बसून राहत न्हाय.

त्याच दुपारी अंबूआक्का आली. ऐंशी पार केलेली, डोळ्याला कमी दिसतंय, गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत एकटी राहती, कुणाच्या अध्यात न मध्यात. उंबऱ्यावर बसली आणि ह्यांना म्हणाली, "आकाराम, ती म्हस माझी होती. चंद्री. माझं नाव नको घालू, पर तिचं खरं तेवढं लिव्ह. मी गेल्यावर कोण सांगणार?"

मला वाटलं म्हातारी भ्रमली. मी त्या म्हशीची शेपटी धरलेली बाई, पण सुंदरी सयाजीरावांच्याच दारात बघितलेली. आणि पुरात कोण म्हशीचा सात-बारा बघत बसतंय?

ह्यांचे डोळे मात्र चमकले. वही घेतली आणि निघाले गल्लीभर साक्षी घ्यायला. लोकांना वाटलं जनगणना आली. न्हाव्यानं सांगितलं, म्हशीनं त्याची फिरती खुर्ची पाठीवरनं आणली. गिरणीवाला म्हणाला, म्हैस न्हवतीच, रेडा होता. एकजण शपथेवर म्हणाला, म्हशीवर त्याचे वडील बसलेते, आणि वडील पुराआधी दोन वर्षं वारलेले. एका बाईनं तर म्हशीला शिंगंच न्हवती म्हणून सांगितलं आणि वर चहा पाजला.

सगळ्यांची तोंडं सात दिशेला. पण एक गोष्ट प्रत्येकजण न विचारता सांगत होता, की खांबापाशी माणसं उतरली आणि म्हैस मागं फिरून परत पाण्यात गेली. कशाला गेली म्हणाल, तर सयाजीराव म्हणाले म्हसोबाच्या दर्शनाला. न्हावी म्हणाला त्याचा रेडिओ राहिलाता. गिरणीवाला म्हणाला, रेड्याच्या मनातलं आपण काय सांगावं.

ह्ये त्या दिवशी नाचत घरी आले. गोष्ट लंगडायची जागा सापडलीती. खांबाला पाठ लावून उभं राहिलं की समोर आता मोबाईलचं दुकान हाय, पण पाच साली तिथं अंबूआक्काचा गोठा होता. म्हैस पुरात जाऊन जाऊन जाणार कुठं, आपल्या गोठ्याकडंच की. वही घेऊन ह्ये सयाजीरावांकडं गेले. मला वाटलं आता मार खाऊन येणार. पण सयाजीराव म्हणाले, व्हय, पुरात आक्काचा गोठा गेला, बांधायला जागा उरली न्हाय, म्हणून म्हैस मीच ठेवून घेतली आणि सुंदरी नाव ठेवलं. "पर आकाराम, पुरात ती माझ्याच दारातनं निघाली, असं मला अजून डोळ्यासमोर दिसतंय की." खोटं बोलत न्हवता माणूस. पाणी ओसरल्यावर म्हैस त्यांच्याच उंच पायरीवर उभी सापडलीती, आणि पुढं दहा वर्षं ती त्याच दारात होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणत्यात, इथं पारध्याला स्वतःलाच तसं वाटत होतं.

तालमीत बैठक बसली. तीन किलो भडंग संपलं आणि निकाल लागला की कुणाचंच मन दुखवायचं न्हाय, म्हशी दोन होत्या. एक सुंदरी आणि दुसरी तिची धाकटी बहीण चंद्री. ह्यांनी घरी येऊन चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. "दोन हजार वर्षं झाली, शालू, अजून तोच भाऊ."

त्यात चौथरा आधीच बांधून झालेला. सुंदरी त्याच्यावर ऐसपैस उभी, धाकट्या बहिणीला जागा उरली हातभर. कारागिरानं मावंल तेवढी केली. पोरं म्हणायला लागली, बहीण हाय का शेळी?

आक्काला हे सांगायला कोण तयार होईना, म्हणून मला पाठवलं. चकल्यांचा डबा घेऊन गेले आणि एका दमात सांगून टाकलं. आक्का चकली चावत म्हणाली, बहीण कसली, चंद्रीला बहीण न्हवती, रेडकू होतं, महिन्याभराचं. मग तिनं सगळं सांगितलं. पाणी चढलं तवा तिनं चंद्रीला सोडलं. रेडकाच्या दाव्याची गाठ भिजून आवळलीती, ती सोडवत होती, तेवढ्यात मी बोंबलत आले, कारण ह्ये बुडत होते.

"तू पोर माझ्या हातात कोंबलंस आणि आकारामची कॉलर धरलीस," आक्का म्हणाली. "मी म्हशीवर बसले, दोन्ही हात पोराला लागलं. दावं तसंच राहिलं, रेडकू बांधलेलंच. म्हणून ती मागं फिरली. तेवढंच लिव्हून पायजे होतं मला."

एक शब्द तक्रारीचा न्हाय. उलट, चकली खुसखुशीत झालीया म्हणाली.

एक हात शेपटीला, एक हात कॉलरला, आणि गळ्याइतक्या पाण्यात पोर कडेवर? एवढी वर्षं सांगत आले, स्वतःचे हात कधी मोजले न्हाईत. आणि खरं सांगते, आक्कानं सांगेपर्यंत मला ते कडेवरचं पोर दिसत होतं, त्याचं वजन बी लागत होतं. मला रडू आलं आणि राग बी आला, आधी आक्काचा, मग ह्यांचा, मग माझाच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून पुढं केलं. तिथं लाल पेनानं लिहिलंतं, शालू: शेपटी, कॉलर, पोर, म्हंजे हात तीन? खाली तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"मग मला विचारलं का न्हाई?"

"उलथनं," ह्ये म्हणाले.

पाटी दुसऱ्या दिवशी कोरायला जाणार होती. तालमीत बायका जात न्हाईत, म्हणून मी दारात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. "पोर माझ्या कडेवर न्हवतं. अंबूआक्काच्या हातात होतं. मी आजवर सांगितलं ते चुकीचं हाय. त्या रेडकाच्या जिवावर माझं पोर आणि माझं कुंकू राहिलंय." बोलताना आवाज कापत होता, आणि माझा आवाज कापतोय हे बघूनच निम्मी तालीम घाबरली.

सयाजीराव मिशीला हात लावून बसले. एकदा चौथऱ्याकडं बघितलं, त्या हातभर बहिणीकडं. मग हळूच विचारलं, एक्कावन्नचं काय करायचं. ह्ये म्हणाले, राहू द्या, पुढचे वाचणारे समजून घेतील. आणि सुंदरीचं नाव? ते बी राहू द्या, ग्रंथवाल्यांनी दोन्ही ठेवलं, आपण बी दोन्ही ठेवू.

"मग मार काट," सयाजीराव म्हणाले.

ह्यांनी लाल पेन काढलं. 'सुंदरी' च्या आधी 'चंद्री ऊर्फ' घातलं, 'तिची धाकटी बहीण चंद्री' वर रेघ मारली आणि वर 'तिचं रेडकू' लिहिलं.

पाडव्याला गल्ली नुसती दणाणली. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी, पुढं मालकांच्या सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणि मागं म्हशी पळत्यात. छापखान्यातले सर बी आलेते, दोन पेले दूध पिऊन त्यांना पांढऱ्या मिशा आल्यात्या. पोरांनी पुतळ्याला खऱ्या म्हशीसारखं सजवलंतं, दोघांना बी हार, आणि रेडकाच्या गळ्यात नवं रंगीत दावं, चौथऱ्याच्या कठड्याला बांधलेलं.

संयोगितानं आक्काला हाताला धरून वर नेलं. सयाजीराव नारळ घेऊन थांबलेते. आक्कानं मोठीच्या कपाळावरनं हात फिरवला, मग चाचपत खाली आली, धाकट्याचं डोकं सापडलं, कान सापडले, आणि मग ते दावं. तिथं तिचा हात थांबला. तिनं काठी संयोगिताकडं दिली, वाकली, आणि दोन्ही हातांनी गाठ सोडली.