डोमाजीच्या जीपचा सेल्फ

दारव्ह्याच्या स्टँडवर डोमाजीची जीप कधी बंद होत नसे. सवाऱ्या भरेपर्यंत अर्धा तास ती तशीच धडधडत उभी असायची आणि धूर शेजारच्या पानठेल्यात शिरायचा. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला मस्ती आली आहे. मस्ती कसली, नाइलाज होता. सकाळी थंड गाडी एका चावीत उठायची; पण इंजिन तापल्यावर बंद केलं, की चावी फिरवली तरी नुसतं 'टक' व्हायचं. मग सवाऱ्यांनी उतरून ढकलायचं. लाडखेडच्या बायका तर चढतानाच विचारायच्या, "डोमाभाऊ, आज धक्का मारा लागन का?"

या खोडीपायी डोमाजीनं पूनमसिंगला गमावलं होतं. पूनमसिंगचं स्टँडसमोर सेल्फ-डायनमो दुरुस्तीचं दुकान; दोघांची दोस्ती पंचवीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मार्चात त्यानं जीपचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर, खोलून नवी तार भरून दिली. मे महिन्यात 'टक' सुरू झालं. डोमाजी तिरमिरीत दुकानापुढे गेला आणि भर स्टँडवर म्हणाला, "जुनी तार भरून मले फसवलं तू. दोस्त म्हणून तुह्यापाशी आलतो."  पूनमसिंग हातातली पक्कड ठेवून आत गेला. तेव्हापासून दोघं समोरासमोर असायचे आणि एकमेकांकडे पाहायचे नाहीत.

डोमाजीनं मग नवी बॅटरी घातली. यवतमाळला दोन मिस्त्र्यांना गाडी दाखवली. शेवटी सेल्फच दुसरा बसवला, तरी 'टक' जागच्या जागी. दुसराही सेल्फ तेच करतो, तर पहिल्याचा दोष काय, अशी शंका शहाण्या माणसाला यायला हवी होती. आलीही. पण चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा म्हणजे घशात काटा, म्हणून त्यानं ती झटकून टाकली.

यंदा एप्रिल संपता संपता, रिकामी गाडी घेऊन परत येताना, वाटेत ती बंद पडली. ढकलायला चिटपाखरू नाही. डोमाजीनं चार-पाच वेळा चावी मारली, मग बॉनेट उघडून तारा चाचपू लागला. बॅटरीची टोकं कोमट होती. सेल्फकडे जाणारी जाड तारही कोमट. बॅटरीची दुसरी तार जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टानं कसली होती, तिथे मात्र बोटाला चटका बसला. इंजिन तिथून हातभर लांब. मग ही जागा एकटीच का तापली?

पाना घेऊन त्यानं बोल्ट काढला. तारेच्या टोकाखाली निळा रंग निघाला, पापुद्र्यावर पापुद्रा.

तीन वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढे राहायचा मान त्याच्या जीपला मिळाला होता. बाहेरचा काळा-पिवळा रंग बदलता येत नव्हता, म्हणून त्यानं चेसिस निळी केली. एकेक बोल्ट काढायचा, खाली दोन हात द्यायचे, पुन्हा कसायचं. मथुराबाई, त्याची बायको, म्हणाली होती, "जे दिसतच नाई ते कायले रंगवता?" तो म्हणाला होता, "बाबासाहेबाच्या कामात वरवरचं नाई चालत." पुढे दरवर्षी जयंतीला एक हात चढत गेला. सेल्फचा करंट चेसिसमधूनच बॅटरीकडे परततो, आणि लोखंडातून करंट जातो, रंगातून जात नाही, हे ज्याला पंचवीस वर्षं ठाऊक होतं त्याच माणसानं हे केलं होतं. बोल्टाच्या आट्यांमधून निसटेल तेवढ्या करंटवर थंड गाडी कशीबशी उठायची. तापल्यावर सेल्फला जास्त लागायचा, तो कुठून मिळणार?

त्यानं चाकूनं रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, बोल्ट कसला आणि चावी फिरवली. तापलेली गाडी पहिल्या हिसक्यात उठली. डोमाजीला आनंद झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं, आणि चोर तो स्वतःच होता.

स्टँडवर येऊन त्यानं जीप थेट पूनमसिंगच्या दुकानासमोर लावली आणि बंद केली. पानठेल्यावरचे लोक वळून बघू लागले. त्यानं चावी मारली, जीप उठली. पुन्हा बंद केली. मग खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पूनमनं तार बराबर भरली होती. दोष माह्या रंगाचा होता. लोकाइसमोर बोललो होतो, लोकाइसमोरच सांगून राह्यलो."

पूनमसिंग दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. डोमाजीनं तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दुकानात नीट पाहिलं. फळीवर नुसते बल्ब आणि फ्यूज. तार भरायचं यंत्र कोपऱ्यात गोणपाटाखाली.

"तुह्या गाडीनंतर सेल्फ भरनं सोडलं मी," पूनमसिंग म्हणाला. "रातभर विचार केला होता, कुठं चुकलो म्हनून. सापडलं नाई. वाटलं, हातच गेला आपला."

चारचौघांत माफी मागितली की मोकळे झालो, असं डोमाजीला वाटेत वाटलं होतं. तो पायरीवर बसला. पूनमसिंगचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातात धरले आणि त्याला रडू आवरेना. मागे लाडखेडच्या सवाऱ्या जीपमध्ये बसून हाका मारत होत्या. तो उठला नाही.